जामीन राहणं म्हणजे ओझं वाहणं का?

प्रश्न : आतेभावाला टेम्पोसाठी पतसंस्थेतून ४ लाखांचं कर्ज काढायचं आहे. जामीनदार म्हणून मी सही करावी असा त्याचा आग्रह आहे, पत्नीचा मात्र विरोध आहे. ‘एकमेकांची ओझी वाहा’ अशी आज्ञा असताना ख्रिस्ती माणसाने नाही म्हणावं का? – एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : म्हणू शकता. ती आज्ञा बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात (६:२) आहे आणि पाचव्याच वचनात प्रत्येकाने आपापला भार वाहायला सांगितलं आहे. ग्रीकमध्ये दोन ठिकाणी शब्द वेगळे आहेत : आधी ‘बारोस’, म्हणजे माणसाला दाबून टाकणारं वजन, नंतर ‘फोर्तिऑन’, म्हणजे ज्याचं त्याने उचलायचं गाठोडं. आजारपण, अपघात हे पहिल्यात येतं. धंद्याचं कर्ज आमच्या मते दुसऱ्यात.

जामिनकी पाप नाही. धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, यहूदा जामीन राहिला (उत्पत्ती ४३:९), फिलेमोनाचा दास अनेसिम याचं देणं मी फेडीन असं पौलाने स्वहस्ते लिहिलं (फिलेमोन १९). पण दोघांनी किंमत जाणून सही केली. आपल्याकडे ती साक्षीदाराच्या सहीसारखी, भिडेखातर होते. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा’ हे चालत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) निघाला की जप्ती तुमच्यावरही येते. फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण जाईल, हा नीतिसूत्रे २२:२७ चा इशारा शब्दशः घ्या.

म्हणून पत्नीसोबत हिशेब मांडा. १३ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत धरली तर हप्ता सुमारे ९,१०० रुपये. भावाने एकही हप्ता भरला नाही तरी मुलांची फी न थांबवता तो तुम्ही भराल का? नसेल, तर सही नको. पत्नीला न सांगता तर मुळीच नको. तिचंही घर त्यात अडकतं.

नकार लवकर आणि तोंडावर द्या. ‘बघतो’ म्हणून त्याला लटकवत ठेवू नका (मत्तय ५:३७). जमेल ती रक्कम, समजा २०,०००, परतीची आशा न धरता द्या (लूक ६:३५).

सही करायचीच ठरली तर कोऱ्या फॉर्मवर करू नका, कराराची प्रत घ्या, टेम्पोचा विमा दरवर्षी तपासा. कर्ज उचललं गेल्यावर नुसत्या अर्जाने जामीनकी सुटत नाही. संस्थेने बदली जामीनदार लेखी मान्य करावा लागतो.