सिचुआन पेपरला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे : चिनी पाककृती मराठीत आणताना 'सिचुआन पेपर'ला 'काळी मिरी' म्हटले तर चालेल का? आणि आपले 'शेजवान' याच सिचुआनचे का?

शेजवानचे आधी सांगतो. हो, त्याच सिचुआनचे. नैर्ऋत्य चीनमधल्या या प्रांताचे जुने रोमन स्पेलिंग एस-झेडने सुरू होई, ते वाचता वाचता आपल्याकडे 'शेजवान' झाले. नाते बहुतेक नावापुरतेच. लाल मिरच्या, लसूण आणि व्हिनेगरची आपली चटणी सिचुआनची राजधानी छंगदूच्या आचाऱ्याला परकीच वाटेल, कारण ज्याच्याबद्दल विचारले आहे तो मसालाच तिच्यात सहसा नसतो.

'काळी मिरी' मात्र लिहू नका. सिचुआन पेपर मिरीच्या कुळातला नाही, मिरचीच्याही नाही. त्याचे चिनी नाव 'ह्वाज्याव', म्हणजे फूल-मिरी. पिकलेले फळ तडकून फुलासारखे उघडते म्हणून. चिनी भाषेत मूळचा 'ज्याव' हाच. काळी मिरी बाहेरून आली ती 'हूज्याव', म्हणजे परक्या हू लोकांची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मिरची पोचली, तिला सिचुआनी लोक आजही 'हायज्याव' म्हणतात : समुद्रावरून आलेली. आपणही मिरीवरूनच 'मिरची' केली, तेव्हा हसण्याचे कारण नाही.

आपल्याकडे त्याचा खरा नातेवाईक आहे तो कोकण-गोव्यात : तिरफळ, कोकणीत तेफळ. दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीची झाडे, फक्त जाती वेगळ्या. दोन्हींचे टरफल वापरायचे, आतली काळी बी टाकून द्यायची. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे ठेचून घालतात. सिचुआनमध्ये ह्वाज्याव कोरडा भाजून, कुटून, शेवटी वरून भुरभुरतात, नाहीतर आख्खाच तेलात टाकून तेलाला वास लावतात. हानयुआन परगण्याचा ह्वाज्याव बादशहाकडे नजराणा म्हणून जाई. हान राजवटीच्या काळात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तर सम्राज्ञीच्या महालाच्या भिंतींना तो मातीत कालवून लिंपत. ऊब आणि सुगंध हवा होताच, शिवाय घोसाघोसाने लगडणारे हे फळ भरपूर संततीचे चिन्ह मानत.

आता चव. चिनीत 'ला' म्हणजे तिखट आणि 'मा' म्हणजे बधिर करणारे. दोन्ही मिळून 'माला'. 'ला'ला आपल्याकडे 'झणझणीत' आहे. 'मा'साठी मी 'झिणझिण्या' सुचवेन, कारण ओठांवर नेमके तेच होते. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही थरथर मोजली, ती सेकंदाला साधारण ५० कंपनांची भरली. 'तुरट' किंवा 'उग्र' लिहिलेत तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

तेव्हा पाककृतीत 'सिचुआनी तिरफळ' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'ह्वाज्याव' जोडा. नुसते 'तिरफळ' नको. मालवणचा वाचक घरातलेच काढून घालेल आणि वास निराळा येईल. ह्वाज्याव मिळालाच नाही तर तिरफळ चालवून घ्यावे, काळी मिरी नव्हे.

एक खबरदारी : 'मापो तोफू' या सिचुआनी पदार्थात ह्वाज्याव असतोच, पण त्या नावातल्या 'मा'चा झिणझिण्यांशी संबंध नाही. तिथे तो देवीच्या व्रणांचा 'मा'. 'मापो' म्हणजे तोंडावर वण असलेली म्हातारी.