सान इसिद्रोची मिरवणूक आणि आपण

प्रश्न: न्यू मेक्सिकोत येऊन आम्हाला दोन वर्षं झाली. शेजारच्या आजींनी १५ मेच्या सान इसिद्रोच्या मिरवणुकीला बोलावलंय. सासूबाई सध्या इथे आहेत. परक्या धर्माच्या पूजेला जायचं म्हणून त्यांना अवघडल्यासारखं होतंय. शिवाय आम्ही शाकाहारी. जावं का?

उत्तर: जा, आणि सासूबाईंना घेऊनच जा. तिथलं बरंचसं त्यांनाच ओळखीचं वाटेल.

इसिद्रो हा माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी. रोज कामाआधी चर्चला जायचा. उशिरा येतो म्हणून सोबतच्या गड्यांनी मालकाकडे चुगली केली. मालक बघायला आला, तर देवदूत त्याचा नांगर हाकत होता! जनीबरोबर दळायला बसणारा विठ्ठल माहीत असलेल्या बाईला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. आणखी एक धागा गोव्याचा. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये इसिद्रोला संतपद मिळालं, त्याच दिवशी ते फ्रान्सिस झेवियर यांनाही मिळालं.

मिरवणुकीत लाकडी मूर्ती असते: इसिद्रो, बैलजोडी, देवदूत. ती शेतात आणि पाण्याच्या पाटावर नेतात आणि पाद्री पाण्याला, पिकाला आशीर्वाद देतात. या पाटांना तिथे ‘असेकिया’ म्हणतात. पाणीवाटप बघणारा तो मायोरदोमो, आणि वसंतात पाट साफ करायला प्रत्येक घराने माणूस द्यायचा. धुळे-नाशिककडची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायची रीत, आणि तिचा पाटकरी ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या हे लगेच लक्षात येईल. तुमच्या माहेरी किंवा सासरी शेती असेल, तर आजींशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

आता चर्चमधलं. चपला काढायच्या नसतात, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या, शेवटाकडे लोक रांगेने पुढे जाऊन पातळ पांढरी चकती घेतात. तो आपल्यासारखा सगळ्यांना वाटायचा प्रसाद नव्हे, कॅथलिकांचा संस्कार आहे. तुम्ही बाकावरच बसून राहा. कोणाला वाईट वाटत नाही, हात पुढे केला तर मात्र पंचाईत होते. फोटो विचारून काढा.

जेवणात खरी मेख आहे. पोसोले म्हणजे टपोऱ्या मक्याचा रस्सा, त्यात बहुधा डुकराचं मांस. तमाले म्हणजे सारण भरून वाफवलेले मक्याच्या पिठाचे उंडे, त्यातही ते असू शकतं. बिस्कोचितो ही दालचिनी लावलेली खुसखुशीत बिस्किटं तर शाकाहारीच वाटतात, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. राजम्यासारख्या उसळीतही ती असू शकते. ‘मांस आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही, ‘मांतेका (म्हणजे ही चरबी) आहे का?’ असं विचारा. आजींना आदल्या दिवशीच सांगितलंत तर उत्तम. घरून डबाभर बेसनाचे लाडू न्या, पण मूर्तीपुढे ठेवू नका, जेवणाच्या टेबलावर ठेवा.

एक गोष्ट मात्र विचारू नका: ‘तुम्ही मेक्सिकोहून कधी आलात?’ सांता फे शहर १६१० च्या सुमारास वसलं, अमेरिकेची सरहद्द तिथे १८४८ मध्ये पोचली. आजींचं घराणं कदाचित त्याआधीपासून त्याच पाटाचं पाणी पीत असेल. त्यापेक्षा यंदा मायोरदोमो कोण आहे ते विचारा. पाण्याच्या पाळीवरची भांडणं सगळीकडे रंगतदार असतात.