देखणा रेझ्युमे आणि तत्काळ नकार

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून सांगलीतील एका कारखान्यात चार वर्षे लेखा विभागात काम करते. पुण्यातील कंपन्यांकडे ऑनलाइन अर्ज केले, की बहुतेक वेळा काही तासांतच नकाराचा ईमेल येतो. डीटीपी केंद्रातून दोन रकान्यांचा आकर्षक रेझ्युमे करून घेतला आहे. मग चुकते कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अर्ज प्रथम कंपनीच्या ज्या संगणक प्रणालीत जातो ती रेझ्युमेचे रूप पाहत नाही, फाइलमधला मजकूर उपसून ती नाव, शिक्षण, हुद्दा, कालावधी असे खण भरते. डीटीपी केंद्रात रेझ्युमे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रचून अक्षरांचे ‘कर्व्ह’ केले असतील, तर पीडीएफमध्ये मजकूर उरतच नाही, उरतात त्या केवळ आकृत्या. दोन रकान्यांच्या पानावर काही प्रणाली डावी आणि उजवी ओळ सलग जोडून वाचतात, त्यामुळे पदवीचे वर्ष भलत्याच नोकरीला जाऊन चिकटते. याची परीक्षा घरीच घ्यावी : पीडीएफमधील सर्व मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. तेथे काहीच उमटले नाही किंवा क्रम विस्कटला, तर वर्डमध्ये एका रकान्यात, तक्ते आणि चौकटी टाळून, रेझ्युमे नव्याने टाइप करावा.

शब्दांचा प्रश्न मात्र अधिक महत्त्वाचा आहे. या प्रणालीत ‘हिशेबाची सर्व कामे’ असे कोणी शोधत नाही. भरती करणारे ‘टॅली प्राइम’, ‘टीडीएस’, ‘बँक रिकन्सिलिएशन’ असे शब्द टाकून शोधतात. म्हणून जाहिरातीतलेच शब्द वापरावेत, परंतु प्रत्यक्ष केलेल्या कामाला जोडून; उदाहरणार्थ, ‘दरमहा जीएसटीआर-1 व जीएसटीआर-3बी भरणे’. पांढऱ्या अक्षरांत शब्द दडवण्याची युक्ती काहीजण सुचवतात, ती करू नये. उपसलेल्या मजकुरात ते शब्द भरती करणाऱ्याला उघड दिसू शकतात.

तथापि, काही तासांत येणाऱ्या नकाराबाबत मला रेझ्युमेपेक्षा अर्जातील प्रश्नांचाच अधिक संशय येतो. किमान अनुभव, नोटीस पीरियड, पुण्यात राहायला येण्याची तयारी यांपैकी एखादे उत्तर अटीत बसले नाही, तर अनेक ठिकाणी रेझ्युमे उघडलाही जात नाही. आपण कारखान्याचा पत्ता सांगलीचा देता, तेव्हा स्थलांतराची तयारी रेझ्युमेतही एका ओळीत स्पष्ट लिहावी.

डीटीपी केंद्राची प्रत फेकू नका. मुलाखतीच्या वेळी समोरच्याच्या हातात देण्यास ती चांगली आहे.