आवडती पाककृतींची पुस्तके कोणती, आणि पुस्तकाप्रमाणे करूनही नवा पदार्थ घरी का फसतो?

आपला प्रश्न दुहेरी आहे: पाककृतींची कोणती पुस्तके घ्यावीत, आणि पुस्तकाबरहुकूम सगळे करूनही नवा पदार्थ घरी का फसतो. आधी पुस्तकांविषयी लिहितो, कारण दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच येते.

आमच्या स्वयंपाकघरात सर्वाधिक हाताळले जाणारे पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. ते १९७० साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि त्यातली मापे वाटी-चमच्याची आहेत. त्याचे मोल कळण्यासाठी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे १९१० सालचे ‘गृहिणीमित्र’ चाळून पाहावे. मला ते पुस्तक वाचायला अतिशय आवडते, एका काळाचा अख्खा संसार त्यात दिसतो. परंतु त्या काळची शेर-तोळ्याची भाषा आज हाताशी राहिलेली नाही. तोळा म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम हे एक वेळ लक्षात ठेवता येते, पण शेर प्रांतोप्रांती बदलत असे, त्यामुळे जुन्या पुस्तकातला शेर नेमका किती हे ठरवण्यातच संध्याकाळ जाते. मंगला बर्वे यांचे ‘अन्नपूर्णा’ही घरात आहे आणि रोजच्या स्वयंपाकात अडले तर मी ते उघडतो.

वाटी-चमच्याच्या मापातही एक मेख आहे, आणि नव्याने शिकणाऱ्यांचे पदार्थ बहुधा तिथेच बिघडतात. तांदूळ, डाळ, रवा, साखर, पाणी हे सर्व एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान आहे की मोठी याने फरक पडत नाही, कारण प्रमाण कायम राहते. चमचा मात्र वाटीबरोबर वाढत नाही. आपली आमटीची वाटी लेखिकेच्या वाटीच्या दीडपट असेल आणि मीठ, सोडा, हिंग पुस्तकातल्याइतकेच चमचे घातले, तर पदार्थ अळणी होतो किंवा फुलत नाही, आणि दोष मात्र पुस्तकाच्या माथी जातो. यावर सोपा उपाय म्हणजे एक वाटी कायमची मापाची म्हणून बाजूला काढून ठेवणे, तिच्यात किती पाणी मावते ते एकदा मोजून घेणे, आणि चमच्यांसाठी ५ व १५ मिलिलिटरचे मापाचे चमचे वापरणे.

नवे पुस्तक विकत घेताना मी नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) दुकानात उभ्या उभ्या एकच गोष्ट पाहतो: जो पदार्थ मला उत्तम येतो त्याचे पान उघडतो. माझ्यासाठी तो पदार्थ कढी. बेसन आधी ताकात घुसळून एकजीव करावे, उकळी येईपर्यंत ढवळणे थांबवू नये, नाहीतर कढी फुटते, एवढे जर लिहिलेले नसेल, तर मला न येणाऱ्या पदार्थांबाबत त्या पुस्तकावर मी विश्वास ठेवत नाही, मग त्यातली छायाचित्रे कितीही देखणी असोत. चांगली लेखिका मिनिटांबरोबर खूणही सांगते. ‘दहा मिनिटे परतावे’ यापेक्षा ‘कडेने तेल सुटेपर्यंत परतावे’ हे वाक्य कोणत्याही शेगडीवर आणि कोणत्याही कढईत खरे ठरते.

आता नागपूरविषयी, कारण आपण इथेच राहता असे प्रश्नात लिहिले आहे. आपल्याकडची बरीच लोकप्रिय पुस्तके पुण्या-मुंबईच्या हवेत लिहिली गेली आहेत. त्यांत ‘पीठ रात्रभर आंबवावे’ असे असते. मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, इथे इडलीचे पीठ रात्रभर बाहेर ठेवले तर सकाळी त्याचा आंबूस वास स्वयंपाकघराबाहेर येतो. चार-पाच तासांत ते तयार होते आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावे लागते. तेच पीठ डिसेंबरच्या थंडीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हलत नाही. म्हणून घड्याळ न पाहता पीठ पाहावे: ते फुगून वर आलेले, जाळीदार आणि हलके असले की झाले. उन्हाळ्यातली कोरडी हवा मळलेल्या कणकेलाही सोडत नाही; ओले फडके झाकले नाही तर वरचा थर पापडासारखा कडक होतो आणि लाटताना कडा चिरतात.

साहित्याचेही तसेच. किनारपट्टीच्या पाककृतीत ओला नारळ सढळ हाताने असतो. आपल्याकडे वाटणात सुके खोबरे, खसखस, तीळ, शेंगदाणे येतात. एकाच्या जागी दुसरे घालता येते, पण पदार्थ वेगळा होतो हे मान्य करूनच. सुके खोबरे भाजून, गरम पाण्यात वाटावे, आणि ओल्या नारळाच्या निम्म्यानेच घ्यावे, कारण त्यात पाणी जवळजवळ नसते आणि तेल अधिक असते. जिथे नारळाचे दूधच हवे आहे तिथे मात्र ही तडजोड करू नये.

नवा पदार्थ प्रथमच करताना पाककृती शेवटपर्यंत आदल्या रात्री वाचावी. ‘भिजवलेली हरभऱ्याची डाळ’ हे तीन शब्द साहित्याच्या यादीत निमूटपणे बसलेले असतात आणि सकाळी आठ वाजता ते लक्षात आले तर त्या दिवसाचा बेत संपला. पहिल्या खेपेला काहीही बदलू नये, तिखटसुद्धा. पाहुणे येणार असतील त्या दिवशी तर नवे काही काढूच नये. आपली सुगरण मावशीही ते करत नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. पुडाची वडी, जिला आपण सांबारवडीही म्हणतो (सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर), ती पुस्तकावरून करताना बहुतेकांची तळताना फुटते. कारण एकच, सारणातला ओलावा. गरम तेलात त्या पाण्याची वाफ होते आणि ती सांध्यातून वाट काढते. म्हणून सांबार धुऊन कापडावर पसरून पूर्ण सुकवायचा, मगच चिरायचा. खसखस, खोबरे आणि मसाला परतून गार होऊ द्यायचा, आणि मीठ पुड्या भरायच्या अगदी आधी घालायचे, कारण मीठ पडताच सांबाराला पाणी सुटते. बेसन आणि कणकेची पारी कडकडीत तेलाचे मोहन घालून घट्ट भिजवायची, आतून चिंच-गुळाचे बोट पातळसर फिरवायचे, आणि कडा पाण्याने चिकटवून पाकिटासारखी घडी घालायची. आच मध्यमपेक्षा किंचित कमी असावी. वडी तेलात सोडल्यावर बुडबुडे शांतपणे येत राहिले तर पारी आतपर्यंत भाजली जाते. बरोबर कढी हवीच.

काही गोष्टी मात्र पुस्तकातून येत नाहीत, हेही सांगायला हवे. उलट्या माठावर भाजायच्या लांब पोळ्या, पुरणपोळी लाटणे, हातावर ज्वारीची भाकरी थापणे हे पाहूनच येते. त्यासाठी शेजारच्या काकूंकडे जावे, त्या नसतील तर व्हिडिओ पाहावा. सावजी रस्सा हाही त्यातलाच. हलबा कोष्टी समाजातून आलेल्या या रश्श्याचा मसाला प्रत्येक घराचा निराळा असतो, त्यामुळे छापील यादीवर फार विसंबू नये. नागपूरच्या इतवारी बाजारातून थोडा तयार मसाला आणून चव जिभेवर बसवावी आणि मग स्वतःचा करायला घ्यावा.

आपण अगदी सुरुवात करत असाल तर सध्या ‘रुचिरा’चा पहिला भाग तेवढा घ्या. दोन्ही भाग वेगवेगळे मिळतात, आणि पहिल्यातलेच बरेच दिवस पुरेल.