बदलापूरजवळ उल्हास नदीकाठचा प्लॉट निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये आहे, घर बांधता येईल का?

हो, बांधता येतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण जोत्याची पातळी लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवी. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतच हे आहे. गफलत इथेच होते: हे ४५ सेंटिमीटर तुमच्या जमिनीपासून मोजायचे नाहीत. लाल रेषेची पातळी प्लॉटपेक्षा २ मीटर वर असेल, तर जोतं जवळपास अडीच मीटर उंच जातं, म्हणजे दारापर्यंत सोळा-सतरा पायऱ्या आणि भरावाचा खर्च वेगळाच. एजंट हे सांगणार नाही. म्हणून आधी जलसंपदा विभागाचा पूररेषेचा नकाशा बघा आणि सर्व्हेअरकडून प्लॉटची लेव्हल काढून घ्या.

नदीकाठ ते निळी रेषा यामध्ये नवं घर नाहीच. बाग, पार्किंग, ओट्यांचा भाजीबाजार, स्मशानभूमी असलेच वापर चालतात. जुन्या अधिकृत घराचा पुनर्विकास मात्र जलसंपदा (पाटबंधारे) विभागाच्या ना-हरकतीने, त्याच उंचीच्या अटीवर होऊ शकतो.

हे नदीपुरतं. ठाण्या-नवी मुंबईत खाडीलगत प्लॉट असेल तर सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम वेगळे बघावे लागतील.