साठीनंतर किडनीतल्या मूळपेशी जातात कुठे?

प्रश्न : माझं वय ६६. रक्तातलं क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मल आलं, तरी डॉक्टर म्हणाले, ‘वयामानाने किडनी थोडी थकली आहे.’ पुतण्याच्या मते स्टेम सेलची, म्हणजे मूळपेशींची इंजेक्शनं घेतली की किडनी नव्यासारखी होते. खर्च तीन लाख. किडनीत मूळपेशी असतात का? वयानुसार त्या संपतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : काका, तीन लाख बँकेतच राहू द्या.

किडनीत अस्सल मूळपेशी असतात त्या आईच्या पोटात. ‘सिक्स-टू’ हे जनुक चालू असतं तोवर त्या मूळपेशी राहतात. गर्भाच्या साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत त्या सगळ्या नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिची नलिका, घडवण्यात खर्ची पडतात. पुढे जन्मभर एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. मेयो क्लिनिकने किडनीदाते तपासले, तेव्हा तिशीच्या आतल्यांच्या एका किडनीत सरासरी ९ लाख ९० हजार धड गाळण्या निघाल्या, सत्तरी ओलांडलेल्यांच्या ५ लाख २० हजार. ही सगळी निरोगी माणसं, बरं का!

नलिकांची डागडुजी मात्र चालू असते. इजा झाली की ‘सॉक्स-नाइन’ हे जनुक जागं होतं आणि पेशी विभागू लागतात. त्या खास राखून ठेवलेल्या पेशी की शेजारच्या साध्याच, यावर संशोधकांत वाद आहे. मला साध्या पेशींची बाजू पटते. वयाबरोबर विभाजनाला लगाम घालणारं ‘पी-सोळा’ हे प्रथिन चढतं आणि १९९७मध्ये जपानी संशोधकांना सापडलेलं, म्हातारपण लांबवणारं ‘क्लोथो’ उतरतं. स्टॅनफर्डच्या गटाने २००४मध्ये २७ ते ९२ वयाच्या ७४ जणांच्या किडन्या तपासल्या. वयानुसार बदलणारी ९८५ जनुकं सापडली. मला त्यातलं आवडलेलं असं, की ज्यांची किडनी वयामानाने ठणठणीत, त्यांची जनुकंही तरुणासारखी वागत होती.

किडनीसाठी स्टेम सेल ही भारतात मान्य उपचारपद्धती नाही, आणि संशोधनात सामील करून घेणाऱ्याने रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पुतण्याला एवढंच विचारा, पावती कशाची मिळणार?

क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. उतारवयात स्नायू झडतात, त्यामुळे आकडा कमी दिसतो; म्हणून १.१ वर विसंबू नका. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज बघा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्या. आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या आणत असाल, तर डॉक्टरांना पाकीट दाखवा; काही वेदनाशामक गोळ्या किडनीला बाधतात.