वाचकांचे प्रश्न : थंडीचा आसरा शोधत घरात येणारे किडे

प्रश्न : शरद ऋतू लागला की आमच्या घराच्या उन्हाकडील भिंतीवर तपकिरी, चपट्या अंगाचे ढेकूण (अंथरुणातले नव्हेत, तर ‘स्टिंक बग’ म्हणतात ते) आणि ठिपक्यांचे केशरी ढालकिडे (लेडीबग) शेकड्यांनी जमतात. गेल्या वर्षी त्यांतले बरेच आत शिरले आणि ऐन हिवाळ्यातही खिडक्यांपाशी सापडत राहिले. खोल्यांमध्ये दोनदा कीटकनाशक फवारले, तरी ते संपले नाहीत. ते घरातच अंडी घालत असतील का? यंदा काय करावे?

उत्तर : ते घरात अंडी घालत नाहीत, धान्य किंवा कपडे खात नाहीत आणि घराच्या अस्वच्छतेमुळेही येत नाहीत, तेव्हा ती काळजी आधी मनातून काढून टाकावी. दिवस लहान होऊ लागले की या कीटकांची शरीरे सुप्तावस्थेची तयारी करतात. हे ढालकिडे निसर्गात खडकांच्या कपारींत थंडी काढतात, तर तपकिरी ढेकूण वाळलेल्या उभ्या झाडांच्या सालीखाली दडतात. दुपारच्या उन्हाने तापलेली आणि फटी असलेली भिंत त्यांच्या लेखी तशीच एखादी कपार असते.

फवारणीचा उपयोग का झाला नाही, हेही यातूनच कळेल. खोलीत दिसतात ते थोडे, आणि बाकीचे भिंतीच्या पोकळीत किंवा माळ्यावर निपचित पडलेले असतात, जिथे औषध पोहोचत नाही. उन्हामुळे किंवा घर तापवल्यामुळे त्यांना ऊब मिळाली की ते जागे होतात, बाहेरची वाट समजून उजेडाकडे सरकतात आणि तावदानाशी अडकतात. शिवाय पोकळीत मोठ्या संख्येने मेलेल्या किड्यांवर लोकर आणि गालिचे कुरतडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या पोसल्या जातात, म्हणजे एक त्रास मिटवताना दुसरा ओढवून घेतला जातो. म्हणून घराच्या आत फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे काम बाहेरून करायचे आहे, आणि तेही किडे भिंतीवर जमू लागण्याच्या आधी, म्हणजे उन्हाळा सरत असताना. संध्याकाळी घरात दिवे लावून बाहेरून, आणि दिवसा माळ्यावर अंधार करून आतून पाहिले, तर उजेडाच्या बारीक रेघा फटींचा पत्ता सांगतात. तीन मिलिमीटरची फटही किड्यांना पुरते, हे लक्षात ठेवून खिडक्यांच्या चौकटींभोवती, छताच्या कडेला आणि नळ, तारा, पाइप भिंतीतून जातात तिथे सिलिकॉन किंवा ॲक्रिलिक सीलंट भरावे. दाराखाली रबरी पट्टी बसवावी आणि फाटलेल्या जाळ्या बदलाव्यात. मात्र वायुवीजनाची छिद्रे आणि धुराची वाट कधीही बुजवू नये. माळ्याच्या झरोक्यांना आतून बारीक जाळी लावावी, आणि शेगडीच्या किंवा हीटरच्या धुराड्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

एवढे करूनही काही किडे येतीलच. ते चिरडू नयेत, कारण ढेकूण दुर्गंध सोडतो आणि ढालकिड्याच्या पायांच्या सांध्यांतून पाझरणाऱ्या पिवळ्या द्रवाचे डाग भिंतीवर व पडद्यांवर पडतात. व्हॅक्यूम क्लीनरने ते ओढून घ्यावेत आणि पिशवी लगेच रिकामी करावी. नळीच्या तोंडात जुना नायलॉनचा मोजा अडकवला, तर किडे त्यातच राहतात आणि यंत्राला वास लागत नाही. ढेकूण डिवचला की बहुधा खाली पडतो, त्यामुळे साबणाच्या पाण्याचे भांडे खाली धरून त्यालाही सहज पकडता येते. भिंतीच्या आत किडे असतील, तर दिव्यांच्या आणि स्विचच्या चौकटींभोवतीच्या फटी वीज बंद करून आतून बुजवाव्यात.

प्रश्न : ढालकिडे मावा (झाडांचा रस शोषणारी बारीक कीड) खातात, मग त्यांना मारणे योग्य आहे का? आणि ढेकणांसाठी गंधाचे सापळे घरात लावावेत का?

उत्तर : बागेतील ढालकिड्यांना हात लावू नये. घरात शिरलेले मोजकेच असतील, तर उबदार दिवशी बाहेर सोडावेत. मात्र त्यांच्या मोठ्या घोळक्यामुळे काहींना ॲलर्जीचा त्रास होतो, तेव्हा घरात दमेकरी कोणी असल्यास ते काढून टाकण्यात संकोच करू नये. गंधाचे सापळे घरात किंवा भिंतीजवळ लावू नयेत. त्यांचा गंध किड्यांना बोलावण्यासाठीच असतो, आणि आलेला प्रत्येक किडा सापळ्यात पडतोच असे नाही.